प्रेषितांची शिकवण्याची रीत आणि आपला वर्ग

आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी एकदा आपल्या सोबत्यांसमोर एक चौकोन रेखाटला. चौकोनाच्या मधून एक सरळ रेघ ओढली आणि ती चौकोनाबाहेर पुढे नेली. मग त्या मधल्या रेघेच्या दिशेने येणाऱ्या काही लहान रेघा काढल्या. त्यानंतर त्यांनी आकृतीचा अर्थ उलगडून सांगितला. मधली रेघ म्हणजे माणूस. सभोवतालचा चौकोन म्हणजे त्याची आयुष्यमर्यादा, जिने त्याला चारी बाजूंनी वेढले आहे. चौकोनाबाहेर गेलेला रेघेचा भाग म्हणजे त्याच्या लांबच लांब आशा. आणि लहान रेघा म्हणजे त्याच्यावर कोसळणारी संकटे. एक चुकले तर दुसरे गाठते. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे.

येथे ना फळा आहे, ना खडू, ना छापील तक्ता. तरीही एक अत्यंत गहन विषय काही रेघांत असा उतरला आहे की चौदा शतकांनंतरही वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती आकृती उभी राहते. प्रेषितांनी (स.) स्वतःविषयी सांगितले आहे की अल्लाहने त्यांना लोकांना अडचणीत टाकण्यासाठी पाठविले नाही, तर सोपे करून देणारा शिक्षक म्हणून पाठविले (सहीह मुस्लिम). ‘शिक्षक’ आणि ‘सोपे करून देणारा’ हे दोन शब्द एकत्र आले आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या समाजात असंख्य बंधू-भगिनी शाळांत शिकवितात. अनेक जण सायंकाळी मक्तबमध्ये मुलांना शिकवितात आणि प्रत्येक आई-वडील घरी शिक्षकच असतात. प्रेषितांच्या उपासनेची, व्यवहाराची आणि चारित्र्याची सुन्नत आपण अभ्यासतो; परंतु त्यांच्या शिकविण्याच्या सुन्नतीकडे आपले लक्ष कमी जाते. चाळीस मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आणि तुटपुंज्या साधनांत या सुन्नतीचा उपयोग कसा होऊ शकेल, हे या लेखात पाहू.

पहिले साधन : शिक्षकाचा चेहरा

पवित्र कुरआनमधील सूरह अबसचा प्रारंभ एका प्रसंगाने होतो. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. हे सरदार सत्य स्वीकारतील तर अनेकांचा मार्ग मोकळा होईल, ही त्यांची तळमळ होती. तेवढ्यात अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) काही शिकण्यासाठी तेथे आले. संभाषणात व्यत्यय आल्याने प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी चेहरा दुसरीकडे वळविला. त्यावर अल्लाहने आयती अवतरित करून आपल्या लाडक्या प्रेषिताला समज दिली : जो बेपर्वा आहे त्याच्याकडे तुम्ही लक्ष देता आणि जो ओढीने, ईशभय बाळगून तुमच्याकडे आला आहे त्याच्याकडे दुर्लक्ष करता!

या प्रसंगाचा एक पैलू शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावा. हजरत इब्ने उम्मे मक्तूम अंध होते. ती आठी त्यांना दिसलीच नव्हती. न दिसलेल्या आठीविषयीही अल्लाहने समज दिली आणि ती कयामतपर्यंत वाचली जाणार आहे. आपल्या वर्गातील मुलांना मात्र डोळे आहेत. आपली आठी त्यांना दिसते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. एके सकाळी मी पुस्तक काढावयास सांगितले तेव्हा तो उभा राहून म्हणाला, “सर, माझी पुस्तक घर पे राहिली.” मी त्याचे वाक्य त्याच्याच सुरात पुन्हा म्हणून दाखविले. वर्ग हसला. मीही हसलो. हा प्रकार अर्ध्या मिनिटाचा होता आणि मी तो विसरूनही गेलो. त्या दिवसापासून तो मुलगा बोलेनासा झाला. हजेरीच्या वेळीही तो नुसता हात वर करी. ‘ढ आहे’, असा शेरा मी मनातल्या मनात मारून टाकला होता.

पुढे एका पहाटे फज्रनंतर सूरह अबसचे पठण करताना मी थबकलो. ज्यांनी कोणाचा उपहास केला नव्हता, ज्यांचा हेतूही निर्मळ होता, त्यांना एका आठीबद्दल समज मिळाली. मी तर चाळीस मुलांसमोर एका मुलाची भाषा हास्यास्पद ठरविली होती. चूक चारचौघांत केली होती म्हणून माफीही मी चारचौघांतच मागितली. मुलगा गोंधळला, काही बोलला नाही. माफीने सर्व काही पूर्ववत होते असे नाही. त्यानंतर काय केले ते पुढे येईलच.

प्रेषितांनी त्या प्रसंगानंतर हजरत इब्ने उम्मे मक्तूम यांचा सदैव सन्मान केला. त्यांना मुअज्जिन नेमले आणि प्रवासास जाताना मदीनेत आपल्या जागी त्यांची नियुक्तीही केली. यातून वर्गासाठी एक साधा नियम हाती येतो. ज्या मुलाकडे आपले दुर्लक्ष झाले त्याला जबाबदारीच्या जागी आणावे. आठवड्याअखेर हजेरीपटावरून नजर फिरवावी आणि स्वतःला विचारावे : या आठवड्यात यांपैकी कोणाशी मी एकही वाक्य बोललो नाही? त्या नावांपुढे पेन्सिलीने खूण करावी. सोमवारी पहिले संभाषण त्यांच्याशी व्हावे. फळा पुसणे, वह्या वाटणे, परिपाठात दिनविशेष सांगणे ही कामे त्यांना मिळावीत.

मुलाची भाषा ही अडचण नव्हे

अल्लाहने प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठविला, जेणेकरून त्याने त्यांना स्पष्ट करून सांगावे (सूरह इब्राहीम, आयत ४). भाषांची आणि वर्णांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे (सूरह रूम, आयत २२). मुलाच्या घरची बोली ही अशीच एक निशाणी आहे. तिचा उपहास करणारा शिक्षक नेमक्या कशाचा उपहास करीत आहे, याचा विचार त्याने करावा.

महाराष्ट्रातील मुस्लिम घरांच्या बोली एकसारख्या नाहीत. कोकणातील पुष्कळ घरांत कोकणी वळणाची मराठी बोलली जाते. मराठवाडा, सोलापूर या भागांतील अनेक घरांत दखनी बोलतात. दखनी बोलणारे मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याच्या चुका बुद्धिमांद्यातून येत नाहीत; त्यांना निश्चित कारणे असतात. उर्दू व दखनीत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे म्हणून ते ‘माझी पुस्तक’ म्हणते. ‘घर’ उर्दूत पुल्लिंगी आहे म्हणून ‘माझा घर’ म्हणते. म्हणजेच ते नियमानेच बोलत असते. नियम तेवढा त्याच्या घरचा असतो.

यासाठी फार सोपे साधन तयार करता येते. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर तीन रकाने आखावेत : तो, ती, ते. कागदाच्या पट्ट्यांवर घर, पुस्तक, पाणी, वही, खिडकी, फळा, दप्तर, झाड असे रोजचे शब्द लिहावेत. दोन-दोन मुलांनी मिळून प्रत्येक पट्टी योग्य रकान्यात ठेवावी आणि लगेच एक वाक्य म्हणावे : ‘ते घर माझे आहे.’ रोज सहा शब्द पुरेत. महिनाभरात शंभराहून अधिक शब्द हाताखालून जातात आणि एकदाही ‘चूक’ हा शब्द उच्चारावा लागत नाही.

दुसरी अडचण ‘ळ’ आणि ‘ण’ यांची. ज्या ध्वनीची कानाला सवय नाही तो तोंडातून निघत नाही. म्हणून आधी कान तयार करावा. गाल–गाळ, काल–काळ, वेल–वेळ, कल–कळ, मन–मण अशा जोड्या घ्याव्यात. शिक्षकाने एक शब्द म्हणावा. ‘ल’ ऐकू आला तर मुलांनी डावा हात वर करावा, ‘ळ’ ऐकू आला तर उजवा. दोन-तीन दिवस केवळ ऐकण्याचाच खेळ चालू द्यावा. त्यानंतर जीभ दाखवावी : ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी लागते, ‘ळ’ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागते. ज्या मुलाने तजवीदच्या तासाला ‘सीन’ आणि ‘साद’ यांतील भेद शिकला आहे त्याला उच्चारस्थान ही गोष्ट नवी नसते. मक्तबमध्ये मिळविलेले ते कौशल्य शाळेतही उपयोगी पडते, हे त्याला आवर्जून सांगावे.

भाषा शिकणे हे दीनपासून दूर जाणे नव्हे. प्रेषितांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली. पुढे त्या भाषेतील पत्रव्यवहार तेच पाहू लागले. ज्या भूमीवर आपण राहतो तिची भाषा उत्तम येणे हा आपल्या मुलांचा हक्क आहे आणि ती त्यांना सन्मानाने शिकविणे हे आपले कर्तव्य आहे.

आता त्या मुलाकडे वळतो. बकरी ईदला महिना उरला होता. मधल्या सुट्टीत मी त्याला त्याच्या घरच्या बोकडाविषयी विचारले. घरी बोकड आहे हे मला त्याच्या पालकांकडून कळले होते. प्रथम तो एका शब्दात उत्तरे देत होता. मग दातांवरून वय कसे ओळखतात ते त्याने मला समजावून दिले : दुधाचे दात पडून पक्के दोन दात आले की वर्ष पूर्ण झाले समजावे. मला हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच्या परवानगीने मी त्याची माहिती पाच सोप्या मराठी वाक्यांत फळ्यावर लिहिली आणि खाली त्याचे नाव घातले. त्या दिवशीचा वाचनपाठ तोच होता. सर्व वर्गाने तो वाचला, वहीत उतरविला. ‘त्याचे दात’, ‘त्याचे वय’ यांतील लिंगवचनही त्यातूनच शिकविले.

मुलाने सांगावे, शिक्षकाने शुद्ध रूपात लिहावे आणि मुलाने स्वतःचेच म्हणणे वाचावे, या पद्धतीला खर्च काहीच नाही. तो मुलगा त्यानंतर धडाधड बोलू लागला असे मी म्हणणार नाही. परंतु हजेरीच्या वेळी त्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

प्रश्न आधी, उत्तर नंतर

प्रेषित (स.) पुष्कळदा प्रश्नाने प्रारंभ करीत. त्यांनी सोबत्यांना विचारले होते की दिवाळखोर कोण असतो ते तुम्हांला ठाऊक आहे काय. सोबत्यांनी ठरीव उत्तर दिले : ज्याच्याजवळ पैसा नाही, मालमत्ता नाही. मग प्रेषितांनी खरा दिवाळखोर दाखविला : जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर आळ घेतला असेल, कोणाचे धन गिळले असेल; त्याची सारी पुण्ये त्या लोकांना वाटली जातील (सहीह मुस्लिम). प्रश्न आधी विचारल्यामुळे ऐकणाऱ्याने आपले जुने उत्तर स्वतःच बाहेर काढले आणि नव्या उत्तरासाठी मनात जागा झाली.

दुसरा प्रसंग कोड्याचा आहे. ज्याची पाने गळत नाहीत आणि जे मोमिनासारखे आहे असे झाड कोणते, असे प्रेषितांनी विचारले. लोकांची मने रानातल्या झाडांकडे धावली. तरुण हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात आले की हे खजुरीचे झाड असावे, पण मजलिसमध्ये हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) यांसारखे ज्येष्ठ गप्प होते, म्हणून संकोचाने तेही गप्प राहिले. उत्तर खजूर हेच होते. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मुलाजवळ खंत व्यक्त केली की तू ते बोलला असतास तर मला फार आनंद झाला असता.

आपल्या वर्गात असे कितीतरी अब्दुल्लाह बिन उमर बसलेले असतात. उत्तर त्यांना येते, पण पुढच्या बाकावरची मुले आधी बोलून टाकतात. यावर तीन उपाय करून पाहावेत. पहिला, प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजेपर्यंत कोणाचेही उत्तर घेऊ नये. दुसरा, उत्तर आधी शेजाऱ्याला सांगावयास लावावे. चाळीस जणांसमोर न बोलणारे मूल एकासमोर बोलते. तिसरा, सर्वांनी उत्तर पाटीवर लिहून एकाच वेळी वर धरावे. शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात वर्गाचा अंदाज येतो आणि लाजाळू मुलालाही न बोलता उत्तर देता येते.

वस्तू, रेघ आणि बोटे

एकदा प्रेषित (स.) बाजारातून जात होते. दोन्ही बाजूंना लोक होते. वाटेत लहान कानांचे एक मेलेले करडू पडले होते. प्रेषितांनी त्याचा कान धरून विचारले की हे एका दिरहमला घेणे कोणाला आवडेल. लोक म्हणाले, आम्हांला ते फुकटही नको. जिवंत असते तरी लहान कानांमुळे ते सदोषच ठरले असते. तेव्हा त्यांनी सांगितले की तुमच्या दृष्टीने हे जितके क्षुल्लक आहे त्याहून हे जग अल्लाहजवळ क्षुल्लक आहे (सहीह मुस्लिम). जे समोर होते तेच साधन झाले. अनाथाचा सांभाळ करणाऱ्याचे जन्नतमधील सान्निध्य सांगताना त्यांनी आपली दोन बोटे दाखविली, आणि पाच वेळच्या नमाजचे महत्त्व सांगताना दारापुढून वाहणाऱ्या नदीचा दाखला दिला, जिच्यात माणूस दिवसातून पाचदा स्नान करतो.

म्हणून ‘आमच्या शाळेत साधने नाहीत’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. चिंचोके, आगपेटीच्या काड्या, बाटल्यांची झाकणे, सुतळी, लग्नपत्रिकांचे जाड कागद, रिकामे खोके, किराणा दुकानाची बिले, विजेचे देयक हे सर्व गणिताचे व भाषेचे साहित्य आहे. दहा काड्यांची जुडी बांधली की दशक झाला. दहा जुड्या एकत्र केल्या की शतक. वजाबाकीत ‘हातचा’ घेताना मुलाने स्वतःच्या हाताने जुडी सोडावी. एकदा सोडलेली जुडी दहा वेळा सांगितलेल्या नियमापेक्षा अधिक लक्षात राहते.

शेकडेवारीसाठी मक्तबमध्ये किंवा घरी जकातीचे उदाहरण घ्यावे. चाळीस चिंचोके मांडून एक बाजूला काढावा. चाळिसातला एक म्हणजे शंभरातले अडीच, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. मग विचारावे : निसाबइतकी रक्कम वर्षभर जवळ राहिली आणि ती १,००,००० रुपये असेल, तर जकात किती? शंभर-शंभरच्या नोटा मनात मोजून मुले २,५०० पर्यंत पोहोचतात. वरच्या वर्गाला शेळ्या-मेंढ्यांच्या जकातीचे कोडे घालावे : ४० ते १२० पर्यंत एक, १२१ ते २०० पर्यंत दोन. मग ८० शेळ्यांवर किती? बहुतेक मुले घाईने ‘दोन’ म्हणतात. उत्तर ‘एक’ आहे. येथे नोटांसारखी सरळ शेकडेवारी न चालता टप्पे का चालतात, यावर सुरेख चर्चा होते. सर्वधर्मीय वर्गात हेच चाळीस चिंचोके बचतीच्या किंवा सवलतीच्या उदाहरणासाठी वापरावेत. गणित तेच राहते आणि कोणत्याही मुलाला परके वाटत नाही.

थोडे, सावकाश, पुन्हा

हजरत आयशा (रजि.) सांगतात की प्रेषितांचे बोलणे असे सावकाश असे की कोणी शब्द मोजू म्हटले तर मोजता आले असते. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार महत्त्वाची गोष्ट ते तीन वेळा सांगत, जेणेकरून ती नीट समजावी. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) दर गुरुवारी लोकांना उपदेश करीत. रोज करावा, अशी विनंती झाली तेव्हा त्यांनी सांगितले की तुम्हांला कंटाळा येऊ नये म्हणून मी तसे करीत नाही. प्रेषितही आमच्याबाबतीत हीच काळजी घेत. स्वतः कुरआनही थोडे थोडे करून अवतरले, जेणेकरून लोकांना ते टप्प्याटप्प्याने ऐकविता यावे (सूरह बनी इस्राईल, आयत १०६). सहाबा दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण आत्मसात केल्याशिवाय पुढे जात नसत.

अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या धावपळीत आपण नेमके याच्या उलट करतो. एका तासिकेत एकच नवी गोष्ट द्यावी. ती तासिकेच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा यावी. परंतु प्रत्येक वेळी वेगळ्या रूपात : एकदा बोलून, एकदा वस्तूने किंवा आकृतीने, एकदा मुलांच्या तोंडून. शिकविलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा विचारावी. यासाठी प्रत्येक सकाळी पाच मिनिटे राखून ठेवावीत : कालचा एक प्रश्न, गेल्या आठवड्यातला एक, गेल्या महिन्यातला एक. हिफ्ज करणाऱ्या मुलांना हे तत्त्व चांगले परिचित असते. नव्या सबकाबरोबर जुन्याची उजळणी केली नाही तर पाठ केलेले निसटते, हे प्रत्येक हाफिज जाणतो. गणिताचे पाढेही याच नियमाने टिकतात.

चूक कशी सुधारावी

एका माणसाने मशिदीत घाईघाईने नमाज अदा केली आणि येऊन प्रेषितांना सलाम केला. प्रेषितांनी सलामाचे उत्तर दिले आणि त्याला पुन्हा नमाज अदा करण्यास सांगितले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. असे तीनदा झाले. शेवटी तो स्वतःच म्हणाला की मला याहून चांगले येत नाही, आपण शिकवावे. मग प्रेषितांनी तकबीरपासून सजद्यापर्यंत एकेक पायरी शांतपणे समजावून दिली. त्याला आधी स्वतः शोधण्याची संधी मिळाली आणि शिकण्याची इच्छा त्याच्या तोंडून निघाल्यावर उत्तर मिळाले. प्रत्येक वेळी आधी सलामाचे उत्तर आहे, मग दुरुस्ती.

हजरत मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांचा प्रसंग तर प्रत्येक शिक्षकाने पाठ करावा. नमाजमध्ये कोणाला तरी शिंक आली आणि ते नकळत मोठ्याने दुआचे शब्द बोलले. लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले, मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प करू लागले. नमाज संपल्यावर प्रेषितांनी त्यांना झिडकारले नाही, मारले नाही, कठोर शब्द वापरले नाहीत. एवढेच समजाविले की नमाजमध्ये लोकांशी बोलणे योग्य नाही, ती तस्बीह, तकबीर आणि कुरआनपठणासाठी आहे. हे सहाबी म्हणतात की असा उत्तम शिक्षक मी त्यापूर्वी पाहिला नाही आणि त्यानंतरही नाही (सहीह मुस्लिम). वर्ग रोखून पाहत होता, टोकत होता. शिक्षक तेवढा शांत होता.

मक्तब असो वा शाळा, छडीचे समर्थन करणारे अजूनही भेटतात. नमाजविषयीच्या हदीसचा आधार ते घेतात. परंतु त्या हदीसमध्ये सातव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत केवळ प्रेमाने सांगत राहण्याची तीन वर्षे आहेत, हे ते विसरतात. आणि ती गोष्ट नमाजची आहे. पाढे चुकल्याची किंवा वही विसरल्याची नव्हे. हजरत आयशा (रजि.) साक्ष देतात की प्रेषितांनी अल्लाहच्या मार्गातील युद्धाखेरीज कोणावर कधी हात उगारला नाही, ना स्त्रीवर ना सेवकावर. हजरत अनस (रजि.) दहा वर्षे त्यांच्या सेवेत होते, त्यांना कधी त्राग्याचा साधा उद्गारही ऐकावा लागला नाही. आपल्या देशाच्या शिक्षण हक्क कायद्यानेही (२००९, कलम १७) शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींस मनाई केली आहे. उपहास हा दुसऱ्या प्रकारात मोडतो, हे मी स्वतःला वारंवार बजावतो.

वही तपासताना एक रीत उपयोगी पडते. सर्व चुका लाल शाईने रंगवू नयेत. जे बरोबर आहे त्यातील एका गोष्टीवर खूण करावी, एकच चूक निवडावी आणि ती मुलाला स्वतः सुधारू द्यावी. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (सूरह बकरा, आयत २८६); मग दहा वर्षांच्या मुलावर एका पानात वीस दुरुस्त्यांचा भार आपण का टाकावा?

घराकडे जाणारा धडा

हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) आणि त्यांचे समवयस्क तरुण सोबती वीस रात्री प्रेषितांजवळ शिकत राहिले. प्रेषितांच्या लक्षात आले की या मुलांना घरची ओढ लागली आहे. त्यांनी घरी कोण कोण आहे ते विचारले आणि परत जाऊन आपल्या लोकांना शिकविण्यास सांगितले. विद्यार्थ्याच्या मनातली घरची ओढ ओळखणे हेही शिक्षकाचे काम होते, आणि घरी जाऊन शिकविणे हा विद्यार्थ्याचा गृहपाठ होता.

आई-वडिलांनी हे मनावर घ्यावे. मगरिबनंतर दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलाला विचारावे : आज तू काय शिकलास ते मला शिकव. स्वतःला मराठी वाचता येत नसेल तर फारच उत्तम. मग मूल खरोखरच शिक्षक होते. ‘किती गुण मिळाले’ या प्रश्नाऐवजी ‘आज तू कोणता प्रश्न विचारलास’ असे विचारावे. शिक्षकांनीही पालकांना केवळ तक्रारीसाठी बोलावू नये. मुलाने काही चांगले केले त्या दिवशी पाठविलेला दोन ओळींचा निरोप घरात कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा वाचला जातो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातील किंवा घरातील कोणत्या मुलाकडे माझा चेहरा वळला नाही?

२. उद्याच्या धड्यातील एक कठीण कल्पना कोणत्या वस्तूने किंवा कोणत्या रेघेने दाखविता येईल?

३. मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो? सहकाऱ्याला अथवा मुलांनाच मोजावयास सांगून पाहावे.

४. माझ्या वर्गात कोणत्या मुलाची बोली ऐकून इतर मुले हसतात? त्या वेळी मी काय करतो?

हजरत मूसा (अ.) यांच्यावर फिरऔनसमोर जाण्याची जबाबदारी आली तेव्हा त्यांनी अल्लाहजवळ मागणे मागितले की माझे अंतःकरण विशाल कर, माझे कार्य सोपे कर आणि माझ्या जिभेची गाठ सोड, जेणेकरून लोकांना माझे म्हणणे समजावे (सूरह ताहा). वर्गाच्या दारात पाऊल टाकताना हीच दुआ आपणही मागावी. आणि मागताना हेही आठवावे की आत बसलेल्या एखाद्या मुलाच्या जिभेलाही गाठ असेल, आणि ती कदाचित आपणच मारलेली असेल. अल्लाह आपणा सर्वांना ती सोडविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.